शरदाचा पेहराव आणि जबलपूर

वस्त्रव्यवसायाच्या परिभाषेत ‘कलेक्शन’ म्हणजे एका रचनाकाराने एका हंगामासाठी कल्पिलेला, एकाच रंगसंगतीने आणि एकाच आकारविचाराने बांधलेला कपड्यांचा संच. असे संच वर्षातून ठरावीक वेळी गिऱ्हाइकांपुढे मांडण्याची प्रथा पॅरिसमध्ये १८५८ साली आपले दालन उघडणाऱ्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज शिंप्याच्या काळापासून रुजत गेली. या प्रथेत शरद आणि हिवाळा मिळून एकच हंगाम धरला जातो, कारण ज्या देशांत ती वाढली तेथे सप्टेंबर सरता सरता अंगावरचे कापड खरोखरच बदलावे लागते आणि सुताची जागा लोकर घेते. तयार कपड्यांचे शरद-हिवाळी संच पॅरिस, मिलान, लंडन व न्यूयॉर्क येथे फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवले जातात, तर ‘ओत कुतूर’चे, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने प्रामुख्याने हाताने शिवल्या जाणाऱ्या आणि फ्रान्समध्ये १९४५पासून नावापुरते तरी कायद्याने संरक्षित असलेल्या वस्त्रांचे, जुलैमध्ये. शरदातील पेहरावाविषयी जे लिहिले जाते त्यातील बहुतेक लेखन हे कालमान गृहीत धरूनच चालते.

जबलपुरात या कालमानाचा फारसा उपयोग नाही. मध्य प्रदेशच्या पूर्व भागातून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो. त्यानंतर महाराष्ट्रात ज्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात आणि इकडच्या हिंदीत ‘क्वार की धूप’, ते चटका देणारे ऊन दिवसभर असते, आणि नर्मदेच्या बाजूने येणारा गारवा रात्री तेवढा जाणवतो. पेटीतली लोकर काढायला अजून बराच अवकाश असतो. असे असूनही वर्षातील सर्वांत मोठी कपडेखरेदी याच दीड-दोन महिन्यांत होते, आणि तिचे कारण हवेत नसून पंचांगात आहे. पितृपक्षात नवे वस्त्र घेऊ नये हा संकेत अजून पुष्कळ घरांत पाळला जातो, त्यामुळे तो पंधरवडा दुकानदाराला सुना जातो. सर्वपित्री अमावास्या उलटली की घटस्थापनेपासून गर्दी सुरू होते, दसऱ्याला चढते, कोजागिरीला भेडाघाटच्या नर्मदा महोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा एकदा उसळते, धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत शिगेला पोहोचते, आणि देवउठनी एकादशीनंतर, म्हणजे मराठी घरांत तुळशीचे लग्न लागते त्या सुमारास, तिचे रूपांतर ‘सहालगा’त होते. सहालग म्हणजे लग्नसराई. भारतीय फॅशन-सप्ताहांनीही हे वास्तव आपल्या परीने मान्य केलेले दिसते: लॅक्मे फॅशन वीकने आपल्या वर्षाच्या उत्तरार्धातील पर्वाला शरदाचे नाव न देता ‘विंटर-फेस्टिव्ह’ असे नाव दिले, आणि त्यातील ‘विंटर’ हा शब्द बहुधा परदेशी खरेदीदारांच्या सोयीपुरताच होता.

शरदातील शैलीचा विचार जबलपूरच्या संदर्भात करताना म्हणूनच दोन गोष्टी आरंभीच वेगळ्या कराव्या लागतात. एक, संच कोण घडवतो. आणि दोन, तो पुरा कोण करतो. पाश्चात्त्य कलेक्शनमध्ये या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच नाव असते. जबलपुरात पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा कोणाचेच नाव नसते, आणि दुसऱ्याचे उत्तर नेसणारी किंवा घालणारी स्त्री हे असते. या शहरातील व्यक्तिगत शैली ही निवडीची बाब कमी आणि पूर्ततेची बाब अधिक आहे, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे.

शहराच्या पूर्वेतिहासातून या प्रतिपादनाला काही आधार मिळतो. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठी अंमलदारांच्या हाती गेले, १७९८मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७च्या अखेरीस इंग्रजांकडे; पुढे मध्य प्रांत स्थापन झाल्यावर १८६१पासून १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच राहिली. मराठी कारकून, वकील, शिक्षक आणि त्यांची कुटुंबे इकडे येत राहिली ती या ओघात. १८७०मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपुरात एकमेकींस मिळाल्या, तेव्हापासून दोन्ही बंदरांचे कापड एकाच बाजारात येऊ लागले. कापडावर संघटितपणे काम करण्याची या शहराची ओळख त्याहूनही जुनी, आणि काहीशी चमत्कारिक आहे: इंग्रज अधिकारी स्लीमन याने ठगांचा बंदोबस्त केल्यावर माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले यांच्यासाठी १८३०च्या दशकात जी उद्योगशाळा काढण्यात आली, तिच्यात तंबू शिवले जात आणि गालिचे विणले जात. त्या शाळेचा आजच्या शिवणधंद्याशी थेट वारसा जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. दोहोंमधले दुवे हाती नाहीत. विसाव्या शतकात १९२३च्या झेंडा सत्याग्रहाची ठिणगी जबलपुरात पडली आणि मार्च १९३९मध्ये शहरालगत त्रिपुरी काँग्रेस भरली, तेव्हा खादीने काही काळ येथील पेहरावाला एक नैतिक शिस्त लावली. ती शिस्त ओसरली, तरी सणाला भरजरीपेक्षा साधे सुती वस्त्र श्रेयस्कर मानणारी घरे येथे पुढेही राहिली.

आजच्या जबलपूरची वस्त्रव्यवसायातील खरी ओळख मात्र सलवार-सूटची आहे. गोहलपूर, लेमा गार्डन आणि त्यांच्या आसपासच्या वस्त्यांत लहान-मोठे कारखाने पसरलेले आहेत, लेमा गार्डनला या धंद्यासाठी स्वतंत्र गारमेंट क्लस्टर, म्हणजे एका आवारात एकवटलेले उद्योगसंकुल उभे राहिले आहे, आणि येथला तयार माल स्थानिक दुकानांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात बाहेरच्या राज्यांत, विशेषतः दक्षिणेकडे जातो. दक्षिणेचा हा संबंध शरदाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तमिळ घरांत दिवाळी म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान करून त्याच वेळी नवे वस्त्र नेसायचे असते, त्यामुळे कपडा आदल्या दिवशीपर्यंत घरात यावा लागतो आणि घाऊक व्यापाऱ्याकडे तो त्याच्या कितीतरी आधी पोहोचावा लागतो. परिणामी जबलपूरच्या कारखान्यातला शरद पावसाळ्यातच संपतो: जो सूट मदुराईच्या दुकानात आश्विनात विकला जायचा, त्याचे कापड कातरले जाते तेव्हा गोहलपुरात छपरावर आषाढाच्या धारा वाजत असतात. ईदची मागणी यात आणखी एक गुंता करते, कारण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते; काही वर्षे ती सणांच्या हंगामाला लागून येते, तर पुढे अनेक वर्षे त्याच्यापासून दूर जाते, आणि कारखानदाराच्या भांडवलाचे व कारागिरांच्या वेळेचे गणित तिच्या मागोमाग बदलत राहते.

एक ‘लॉट’ कसा तयार होतो हे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण शैलीविषयीचे पुष्कळसे निर्णय तेथेच, आणि शैली हा शब्दही न उच्चारता, घेतले जातात. लॉट म्हणजे एकाच डिझाइनचा एका खेपेत कापलेला माल. लांब टेबलावर थानातले कापड घड्या न पडू देता थरावर थर अंथरले जाते. वरच्या थरावर कटिंग मास्टर पुढा, पाठ, बाह्या आणि कळ्या यांचे पुठ्ठ्याचे साचे असे मांडतो की दोन साच्यांच्या मधली चिंधी शक्य तितकी अरुंद राहावी, खडूने रेघा ओढतो आणि उभ्या पात्याच्या विजेच्या कटरने सारे थर एकदम कापतो. घेर किती ठेवायचा हा सौंदर्याचा प्रश्न वाटतो, परंतु थानाच्या पन्ह्यात एक कळी जास्त बसते की नाही यावरच त्याचा निकाल पुष्कळदा लागतो. भरतकाम असेल तर पुढ्याचे तुकडे शिवणीआधीच वेगळे जातात. हाताच्या कामासाठी ‘खाका’ लागतो, म्हणजे नक्षीच्या रेषेवर सुईने भोके पाडलेला पारदर्शक कागद. तो कापडावर ठेवून वरून पुडीचा बोळा फिरवला की नक्षीचे ठिपके खाली उतरतात, आणि मग कापड ‘अड्ड्या’वर, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून आरीने टाके घातले जातात. आता यातले बरेचसे काम संगणकीय भरतयंत्रे करतात, हाताला उरतात ते कुंदन, आरसे आणि गळ्याभोवतीची बारीक सजावट. शिवण, ओव्हरलॉक, काज-बटण, इस्त्री ही कामे नगावर मजुरी ठरवून वेगवेगळ्या हातांत जातात, आणि त्यांतले कितीतरी हात कारखान्यात नसून घरात, स्त्रियांचे असतात. शेवटी एका डिझाइनचे चार मापांतले चार नग एकत्र बांधून त्यांचा ‘सेट’ होतो. घाऊक बाजारात सुटा नग सहसा मिळत नाही.

या साखळीत डिझायनर कोठे आहे, हा प्रश्न साहजिक आहे. प्रेरणा बाहेरून येते, हे कारखानदार लपवत नाहीत. दूरचित्रवाणी मालिकेतील एका नायिकेच्या नावावरून पडलेला ‘नायरा कट’, ज्यात कमरेशी बंद बांधून पुढचा घेर एका बाजूने उघडा ठेवतात, किंवा ‘आलिया कट’, ज्यात छातीवरच्या पट्टीखालून, म्हणजे योकखालून, चुण्या सुरू होतात, हे प्रकार मोबाइलच्या पडद्यावर दिसले की सुरतेहून तसे कापड येते आणि येथे तसे साचे कापले जातात. याला नक्कल म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. कटिंग मास्टर मूळ आकार जसाच्या तसा उचलत नाही. कोणत्या प्रदेशात गळा किती खोल चालेल, कोठे बाही कोपरापर्यंत हवी, कोठे अस्तर लागेल आणि कोणता रंग एका राज्यात शुभ तर दुसऱ्यात सोडून द्यायचा, याचे त्याचे ज्ञान अनेक वर्षांच्या परत आलेल्या मालातून कमावलेले असते. एखाद्या फॅशन-विद्यालयाच्या अभ्यासक्रमात हे ज्ञान क्वचितच सापडेल. भारतात निफ्ट ही संस्था १९८६मध्ये आणि तिचे भोपाळ केंद्र २००८मध्ये सुरू झाले. तेथे शिकलेल्या विद्यार्थ्याला आणि गोहलपूरच्या मास्टरला एका टेबलाशी बसवता आले, तर दोघांचाही लाभ होईल, अशी अपेक्षा करणे वावगे नाही.

आणि तरीही या कपड्याची सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट त्याच्या आतल्या बाजूला आहे. तयार कुर्ता उलटा करून पाहिला तर बाजूच्या शिवणीत हेतुतः सोडलेले जादा कापड दिसते, ज्याला शिंपी ‘मार्जिन’ म्हणतात. बिनबाह्यांच्या कुर्त्यात पुष्कळदा त्याच कापडाच्या दोन बाह्या आतून टाचून दिलेल्या असतात. काही सूट ‘सेमी-स्टिच’ असतात, म्हणजे नक्षी व घेर पुरा, पण बाजू शिवायच्या राहिलेल्या. कारखान्याने वस्तू अपुरीच ठेवली आहे, आणि ती पुरी करण्याचा अधिकार गिऱ्हाइकाच्या हाती दिला आहे. बडा फुहारा, गंजीपुरा, अंधेरदेव किंवा सदर येथून सूट घेतल्यावर स्त्री तो बहुधा तसाच घालत नाही. गल्लीतल्या शिंप्याकडे किंवा शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे तो जातो, शिवण उसवून सैल होतो किंवा टीप मारून घट्ट होतो, बाह्या लागतात किंवा आतल्याआत राहतात, सलवारीच्या जागी पँट किंवा शरारा येतो, आणि मूळ ओढणी बाजूला पडून आईच्या जुन्या चंदेरी साडीतून कापलेली ओढणी तिच्या जागी येते. एकाच लॉटमधले दोन सूट दसऱ्याच्या गर्दीत समोरासमोर आले तरी पुष्कळदा ओळखू येत नाहीत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०४मध्ये फॅशनवरील निबंधात असे मांडले होते की, इतरांसारखे दिसावे ही ओढ आणि इतरांहून वेगळे दिसावे ही ओढ, या दोहोंच्या ताणातून फॅशन चालते, आणि वरच्या वर्गाची रीत खालच्याने उचलली की वरचा वर्ग ती टाकून पुढे जातो. यातला पहिला भाग जबलपुरात अक्षरशः खरा दिसतो: लॉट साम्य पुरवतो आणि शिंपी भेद. दुसरा भाग मात्र येथे लंगडा पडतो, कारण शरदात शैलीचा दंडक वरच्या वर्गाकडून येण्याऐवजी कित्येकदा देवीकडूनच येतो. सराफ्याच्या परिसरातील सुनरहाई आणि नुनहाई येथील दुर्गामूर्ती बुंदेली धाटणीच्या पेहरावात असतात, आणि बेंदा, कर्णफुले, नथ, गळ्यातल्या एकाखाली एक उतरणाऱ्या माळा व करधनी अशा जुन्या घडणीच्या दागिन्यांनी मढवल्या जातात. बंगाली परंपरेच्या मूर्तींहून त्यांचे रूप स्पष्टपणे निराळे आहे. घरातल्या वापरातून गेलेला दागिना येथे दरवर्षी नऊ दिवस सर्वांच्या डोळ्यांसमोर राहतो, आणि त्याची घडण विसरली जात नाही ती काही अंशी म्हणूनच. याच मुलखात पेहरावाचा इतिहास दगडातही वाचता येतो. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरातील दहाव्या शतकाच्या आसपासच्या कलचुरी मूर्तींवर मेखलेचे पदर, दंडातली वाकी आणि कटिवस्त्राच्या चुण्या इतक्या तपशिलाने कोरल्या आहेत की गो. स. घुर्ये यांनी १९५१च्या ‘इंडियन कॉस्च्युम’ या ग्रंथात ज्या प्रकारे शिल्पांवरून वेशभूषेचा मागोवा घेतला, तसा अभ्यास एकट्या त्या वर्तुळाकार ओवरीवरही उभा राहू शकेल.

जबलपूरच्या मराठी घरांची शैली या साऱ्याच्या मधोमध, पण थोडी तिरपी उभी आहे. नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा, जी २००३च्या सुमारास मुंबईत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने लोकप्रिय केली आणि जिला धर्मशास्त्राचा फारसा आधार नाही, ती मुंबई-पुण्याच्या पुष्कळ पलीकडे गेली आहे. त्या-त्या दिवशीच्या रंगासाठी नवे घेण्याऐवजी कपाटातले जुने धुंडाळावे लागते, हा तिचा एक अनपेक्षित गुण. मोरपंखी किंवा राखाडी रंग सापडला नाही म्हणून जावेची साडी मागून आणणे, हीही शैलीचीच एक क्रिया होय. दसरा-दिवाळीच्या ठेवणीतल्या साड्यांत पैठणीइतकाच मान महेश्वरीला आहे. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने नर्मदेच्याच काठी, पण शेकडो मैल पश्चिमेला वाढलेली ही साडी मूळची नऊवारी होती. रेशमी ताणा आणि सुती बाणा यांमुळे ती अंगाला हलकी राहते, तिचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, आणि क्वारच्या उन्हात दुपारच्या हळदीकुंकवाला ती पैठणीपेक्षा निश्चितच सोयीची पडते. ही विणाई विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडकळीस आली असता १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड व सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी स्थापून तिला सावरले. आज जे रंग ‘नवे’ म्हणून दुकानात येतात त्यांतले कितीतरी या पुनरुज्जीवनानंतरचे आहेत. शिवलेली नऊवारी, जी परकरासारखी चढवता येते, तिच्याविषयी जाणत्या स्त्रिया नाक मुरडतात. कासोटा घालण्याचे कसब तिने संपवले हे खरे, परंतु ज्या पिढीला ते कधी शिकवलेच गेले नाही तिच्या अंगावर नऊवारी आली तीही तिच्यामुळेच.

रंगमंचावरील फॅशनशी या प्रदेशाचा संबंध अगदीच नाही असे नव्हे. मध्य प्रदेशातील विदिशा येथे वाढलेल्या वैशाली शडांगुळे यांनी जुलै २०२१मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर सप्ताहात आपला संच सादर केला आणि तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री रचनाकार ठरल्या. जुलैमधला संच असल्यामुळे तो अर्थातच शरद-हिवाळ्याचा होता. चंदेरी, महेश्वरी यांसारखी हातमागाची वस्त्रे घेऊन त्यांना दोरीसारखे पीळ, गाठी व वळणे देत शिल्पासारखे आकार घडवणे ही त्यांच्या कामाची खूण आहे. त्यांची वस्त्रे बडा फुहाऱ्यावर विकली जाणार नाहीत, हे उघड आहे. लक्षात घेण्याजोगे हे की, पॅरिसमध्ये ज्या चंदेरीचे कौतुक झाले तिचीच जुनी, विरत चाललेली साडी जबलपुरात ओढणी होऊन दुसऱ्या आयुष्याला लागते, आणि त्या क्रियेला कोणी कलेक्शन म्हणत नाही.

किमतीचा प्रश्न मागे ठेवून शैलीवर लिहिणे हा एक प्रकारचा अप्रामाणिकपणा ठरेल. तयार कपड्यांवरील वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नेमके घटस्थापनेच्या दिवशी अमलात आले: पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के कर होता, तो आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. जबलपूरच्या सूटचा मोठा भाग या सीमेच्या आत बसतो, त्यामुळे मधल्या किमतीच्या सणाच्या मालाला मोकळीक मिळाली. उलट हाताच्या भरतकामाचा, अनेक दिवस अड्ड्यावर राहिलेला सूट सीमेपलीकडे जाऊन महाग झाला. २,४९९ रुपयांची चिठ्ठी लावता यावी म्हणून गळ्याभोवतीचे टाके किती कमी करायचे, हा हिशेब कटिंग मास्टरच्या टेबलाशेजारी बसूनच व्हायचा.

विवेचनाची मर्यादाही येथे नोंदवली पाहिजे. पुरुषांचा पेहराव यात जवळजवळ आलेला नाही, कारण जबलपुरात त्याचा हंगाम निराळा आहे: कुर्ता आणि जाकीट सोडल्यास पुरुषाची मोठी खरेदी सहालगासाठी राखलेली असते, आणि तयार सुटाबुटाची दुकाने दिवाळीत शांत राहून मार्गशीर्षाकडे डोळे लावून बसतात. स्त्रियांच्या मालातही दिवाळीनंतर उरलेला लॉट वाया जात नाही; गडद तांबडे, मरून आणि हिरवे सेट देवउठनीपर्यंत मागच्या फळीवर ठेवले जातात, लग्नात देण्याघेण्याच्या कपड्यांत ते खपतात, आणि फिके रंग तेवढे पोंगलच्या मागणीसाठी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाठोड्यांत बांधले जातात.